नोकरीआधी कागद: औसा तालुक्यातील एका जवानाच्या पत्नीचं प्रकरण

या प्रकरणात कुणाचं नाव किंवा गाव दिलेलं नाही. लातूर, बीड, धाराशिवकडच्या फायलींमध्ये पुन्हापुन्हा दिसणारी परिस्थिती एका व्यक्तीभोवती मांडली आहे. नियम मात्र जसे आहेत तसेच घेतले आहेत.

परिस्थिती

पती तोफखान्यात नायक या हुद्द्यावर होते. नऊ वर्षांची सेवा झाली होती. उंचावरच्या ठाण्याकडे रसद नेणारं वाहन दरीत कोसळलं आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. मागे पत्नी, पाच वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा, सासू-सासरे आणि बी. कॉम. होऊन घरीच असलेला धाकटा दीर. औसा तालुक्यात तीन एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन आणि तूर. पत्नीचं वय ३०, बारावी विज्ञान, बी. ए. पहिलं वर्ष पास आणि दुसऱ्या वर्षी लग्नामुळे शिक्षण सुटलेलं.

पेन्शन सुरू झाली, विम्याचे पैसे आले. मग नोकरी कशाला, असा प्रश्न घरातूनच येतो. घराचा खर्च पेन्शनवर भागतो हे खरं आहे. पण तिशीतल्या बाईपुढे अजून तीस वर्षांचं काम करण्याचं वय असतं, लेकरांचं शिक्षण पुढे असतं, आणि खात्यात एकरकमी पैसा आहे हे कळल्यावर उसनं मागणाऱ्यांची रीघ लागते. स्वतःच्या पगाराची बाई घरातल्या निर्णयात बोलू शकते. ‘पेन्शन आहे ना’ हे उत्तर म्हणून पुरेसं नाही.

पहिलं काम: मृत्यूची श्रेणी

गावाने अंत्यविधीला गर्दी केली, चौकात फलक लागला. पण पुढचा प्रत्येक हक्क ठरतो तो अभिलेख कार्यालयाच्या, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रातल्या एका ओळीवर. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. मराठवाड्यातल्या बऱ्याच कुटुंबांचा पत्रव्यवहार यांपैकी एका ठिकाणी होतो.

ढोबळमानाने तीन शक्यता असतात. शत्रूशी लढताना किंवा तशा मोहिमेत मृत्यू झाला तर उदारीकृत कौटुंबिक निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या गणनीय वेतनाइतकं (ज्या वेतनावर पेन्शन मोजतात तेवढं) पूर्ण. लढाईत नव्हे, पण सैनिकी सेवेमुळे मृत्यू झाला तर विशेष कौटुंबिक निवृत्तिवेतन, ६० टक्के. सेवेत असताना, पण सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मृत्यू झाला तर साधारण: पहिली १० वर्षं ५० टक्के आणि नंतर ३० टक्के. गणनीय वेतन ४०,००० रुपये धरलं तर विशेष दराने २४,००० होतात. साधारण दराने सुरुवातीला २०,००० आणि दहा वर्षांनी थेट १२,०००. महागाई सवलत यावर वेगळी.

वाहन अपघातात सगळी मदार कोर्ट ऑफ इन्क्वायरीवर, म्हणजे सैन्याच्या अंतर्गत चौकशीवर असते. जवान त्या वेळी अधिकृत कर्तव्यावर होता का, हे तिथे ठरतं. या प्रकरणात निष्कर्ष ‘कर्तव्यावर, मृत्यू सैनिकी सेवेमुळे’ असा होता, त्यामुळे विशेष दर लागला. तरीही पहिल्यांदा हातात आलेल्या कागदांत पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश होता, निष्कर्षाची प्रत नव्हती. ती रेकॉर्ड ऑफिसला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लेखी मागावी लागली. ही प्रत नुसत्या पेन्शनपुरती नाही, नोकरीच्या अर्जालाही लागते. म्हणून ती पहिल्याच महिन्यात मागून ठेवावी. वर्ष-दोन वर्षांनी युनिट हलतं, अधिकारी बदलतात आणि पत्र फिरत राहतं.

श्रेणी चुकीची लागली असेल तर नाकारल्याच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं अपील आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. मुदत सांभाळली तर वाट खुली राहते.

या श्रेणीचा दुसरा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीयीकृत बँका आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत माजी सैनिकांसाठी गट क मध्ये १४.५ टक्के आणि गट ड मध्ये २४.५ टक्के जागा असतात. त्यातला ४.५ टक्क्यांचा भाग अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी आणि लढाईत मारल्या गेलेल्या जवानांच्या अवलंबितांसाठी असतो. अपघाती मृत्यू, कर्तव्यावर झालेला असला तरी, त्यात बसत नाही. या बाईंनी बँकेचा अर्ज त्या रकान्यातून भरला असता तर लेखी परीक्षा पास होऊनही कागद पडताळणीत नाव कटलं असतं.

महाराष्ट्र शासनाचा नियम याहून उदार आहे. राज्याच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यात आधी सैनिकी सेवेत अपंगत्व आलेल्यांचा विचार होतो. त्यानंतरच्या पसंतीने, ‘युद्धकाळात किंवा युद्ध नसताना सैनिकी सेवेमुळे’ मृत्यू झालेल्या सैनिकाच्या कुटुंबातील फक्त एका व्यक्तीचा विचार होतो. ‘युद्ध नसताना’ या दोन शब्दांमुळे या बाई पात्र ठरल्या. मराठवाड्यातल्या अशा बहुतेक कुटुंबांचा नोकरीचा खरा रस्ता हाच आहे.

एक इशारा इथेच दिलेला बरा. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांच्या जवानांच्या पत्नींचे हक्क त्या त्या दलाकडून मिळतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना थलसेना, नौदल आणि वायुदलासाठी आहेत. बरीच कुटुंबं चुकीच्या दारात महिने घालवतात.

दुसरं काम: चार कागद, चार नावं

शाळेच्या सनदेवर माहेरचं नाव. आधारवर सासरचं. सैन्यातल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या लग्न-मुलांची नोंद होते त्या आदेशात, सासरचंच, पण इंग्रजीत आडनावातलं एक अक्षर जास्तीचं, आणि तेच पुढे पीपीओवर उतरलेलं. बँकेच्या पासबुकावर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. पेन्शन मिळत होती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. नोकरीच्या पडताळणीत मात्र हा घोळ अंगाशी येतो, कारण तिथे कारकुनाला दोनच गोष्टी जुळवायच्या असतात: परीक्षा पास झालेली बाई आणि जवानाची पत्नी ही एकच आहे का.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी विवाह नोंदणीचा दाखला. लग्न नोंदवलेलं नसेल तर ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे नोंद करता येते. पतीच्या मृत्यूनंतर हे अवघड जातं, म्हणून लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि पार्ट टू ऑर्डरचा उतारा सोबत न्यावा. मग महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची नोंद: माहेरच्या नावावरून सासरच्या नावावर, सनदेवरचं अक्षरन् अक्षर तसंच ठेवून. त्यानंतर आधार आणि पॅन. सनदेवरचं नाव बदलायच्या फंदात पडू नये; ते तसंच राहतं आणि राजपत्र त्याला जोडलं जातं.

सैन्याकडची दुरुस्ती वेगळ्या वाटेने जाते. पीपीओ दुरुस्त करा म्हणून स्पर्श या सैन्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत तक्रार टाकली की उत्तर येतं, ‘मूळ नोंदीशी जुळत नाही’. मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसची असते. म्हणून प्रतिज्ञापत्र, विवाह दाखला, आधार आणि राजपत्राची प्रत जिल्हा कार्यालयाच्या शिफारसपत्रासह आधी रेकॉर्ड ऑफिसला. तिथे नोंद दुरुस्त झाली की शुद्धिपत्रक पीपीओ प्रयागराजच्या पेन्शन नियंत्रक कार्यालयाकडून निघतो. मुलांची नावं आणि जन्मतारखा त्याच पत्रात तपासून घ्याव्यात, म्हणजे तीच फेरी दोनदा होत नाही. या प्रकरणात मुलाच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये झालीच नव्हती. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला जोडून ती करून घेतली.

याच काळात महासैनिक या राज्याच्या सैनिक कल्याण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विधवा ओळखपत्र घेतलं. पुढे प्रत्येक अर्जाला त्याची प्रत लागली.

तिसरं काम: घर

सासरे म्हणाले, “धाकट्याला चिकटवा कुठंतरी, सूनबाई लेकरं सांभाळंल.” यात दुष्टावा नाही. एक कमावता मुलगा गेला, दुसरा बेकार बसला आहे आणि सरकार ‘घरातल्या एकाला’ नोकरी देतं असं ऐकलं आहे.

इथे नियम स्पष्ट सांगावा लागतो, आणि तो सुनेने सांगण्यापेक्षा जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याने किंवा कल्याण संघटकाने घरी येऊन सांगितलेला बरा. केंद्राच्या अनुकंपा योजनेत सैन्यदलातल्या मृत व्यक्तीचं कुटुंब म्हणजे पत्नी आणि मुलं. भाऊ किंवा बहीण तेव्हाच, जेव्हा मृत व्यक्ती अविवाहित असते. म्हणजे त्या योजनेत या दिराला जागाच नाही. पत्नीने अर्ज केला नाही तर तो हक्क दिराकडे जात नाही, वाया जातो. राज्याच्या १५ टक्क्यांतही एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. एकदा वापरला की संपला, पुढे मुलांनाही तो उरत नाही.

सासू-सासऱ्यांना खरी भीती असते ती म्हाताऱ्यांकडे कोण पाहणार याची. अनुकंपा नियुक्तीत उमेदवाराला मृताच्या इतर अवलंबितांचा सांभाळ करण्याचं लेखी हमीपत्र द्यावं लागतं आणि ते पाळलं नाही तर नोकरी जाऊ शकते. हे सासऱ्यांना समजल्यावर घरातला ताण बराच सैलावला. दिराला स्वतःच्या पदवीवर बँकेच्या परीक्षेला बसता येतं, हेही त्याच बैठकीत सांगितलं गेलं.

वाटांची निवड

अनुकंपा अर्ज रेकॉर्ड ऑफिसमार्फत लगेच पाठवला, पण त्यावर विसंबून राहायचं नाही हे ठरवून. थेट भरतीच्या गट क पदांपैकी फक्त ५ टक्के जागा या योजनेत असतात. गुणांकनात कौटुंबिक पेन्शन, मिळालेली एकरकमी रक्कम आणि मालमत्ता जितकी जास्त, तितके गुण कमी पडतात. स्वतःसाठी अर्ज करणाऱ्या विधवेला वाढीव गुण मिळतात, तरी विशेष पेन्शन घेणारी बाई यादीत मागे राहते. पूर्वीची तीन वर्षांची कालमर्यादा आता नाही, त्यामुळे अर्ज पुन्हा विचारात येऊ शकतो.

लष्करात अधिकारी होण्याची वाटही असते. शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या महिला प्रवेशात सेवेत मृत्यू पावलेल्यांच्या पत्नींसाठी एक तांत्रिक आणि एक बिगर-तांत्रिक जागा राखीव असते. वयोमर्यादा ३५, पदवी आवश्यक, निवड एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीमधून आणि प्रशिक्षण ४९ आठवड्यांचं, चेन्नईच्या अकादमीत. दोन वर्षांचं लेकरू घरी ठेवून हे करणं या बाईंना शक्य नव्हतं. पण पदवीधर आणि मनाने तयार असलेल्या बाईसमोर हा पर्याय कुणी ठेवतच नाही, हे खटकतं.

अंगणवाडी सेविकेला बारावी चालते, विधवेला वयाची मर्यादा ३५ ऐवजी ४०, आणि गुणांकनात विधवेला जादा गुण. अट एकच, त्याच महसुली गावची रहिवासी. त्यांच्या गावात जागा रिकामी नव्हती. माहेरच्या गावात होती, पण तिथली रहिवासी त्या उरल्या नव्हत्या.

मग ठरलं ते असं. तात्पुरतं काम म्हणून सैनिकी मुलींच्या वसतिगृहात सहायक अधीक्षिका. ही अशासकीय पदं एकत्रित मानधनावर असतात आणि त्यांत युद्धविधवा व माजी सैनिकांच्या विधवांना प्राधान्य असतं. मानधन बेताचं, कायम होण्याची आशा नाही, पुढच्या परीक्षेत या अनुभवाचा एकही गुण नाही. तरीही ही नोकरी घ्यावी, कारण राहायला खोली मिळते, शहरात टायपिंगचा क्लास हाकेच्या अंतरावर असतो आणि लेकरं डोळ्यांसमोर राहतात. रात्रीची हजेरी झाल्यावर आठ ते अकरा अभ्यासाला मिळतात.

अभ्यास तीन गोष्टींचा. सुटलेली पदवी मुक्त विद्यापीठातून पुरी करणं. नांदेडच्या विद्यापीठाचं जुनं पहिलं वर्ष धरलं जाईल का, हे अभ्यासकेंद्राकडून लेखी घेतलं आणि स्थलांतर प्रमाणपत्र आधीच काढलं. हे राहून गेलं की प्रवेश रद्द होतो. दुसरी गोष्ट एमएससीआयटी. तिसरी शासनाची संगणक टायपिंग परीक्षा, मराठी ३० शब्द प्रतिमिनिट. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० लागतात. बारावी विज्ञान झालेल्या मुलीही इंग्रजीच्या मागे लागून दोन सहामाह्या घालवतात. मराठीचं प्रमाणपत्र आधी हातात घ्यावं.

शिवणकाम किंवा ब्युटी पार्लरचा कोर्स करा, केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान मिळेल, असा सल्ला त्यांना आधी मिळाला होता. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांवरच्यांच्या विधवांसाठी व्यावसायिक प्रशिक्षणाचं ते एकवेळचं अनुदान २०२३ मध्ये २०,००० वरून ५०,००० रुपये झालं आहे, आणि चांगलं आहे. मात्र तालुक्याच्या गावात शिलाई यंत्रं आधीच खूप आहेत. ज्या बाईकडे बारावी विज्ञान आहे आणि सरकारी पदाच्या वयोमर्यादेला आठ वर्षं आहेत, तिला आधी शिवणयंत्र पुढे करणं म्हणजे तिची वाट आखूड करणं.

वयाचा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. राज्याच्या पदांना खुल्या प्रवर्गात ३८, मागास प्रवर्गात ४३. बँकेच्या लिपिक परीक्षेला एरवी २८, विधवेला खुल्या प्रवर्गात ३५, इतर मागासला ३८, अनुसूचित जाती-जमातीला ४०. त्यांची पदवी ३२ व्या वर्षी हातात आली, म्हणजे बँकेच्या तीनेक भरती मिळणार होत्या. माजी सैनिकाला वयात जी सेवाकालाची सूट मिळते ती त्याच्या पत्नीलाही आपोआप लागते असं धरू नये. जाहिरातीतला तो परिच्छेद वाचूनच अर्ज करावा.

अर्ज भरताना

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. ऑनलाइन अर्जात ‘आपण माजी सैनिक आहात का?’ असा प्रश्न असतो. सायबर कॅफेतला मुलगा घाईत ‘होय’ करतो. पुढे सेवा सुरू झाल्याची आणि सेवामुक्तीची तारीख विचारली जाते, तिथे पतीच्या तारखा टाकल्या जातात. निवड यादीत नाव येतं, पडताळणीत स्वतःचं डिस्चार्ज बुक मागितलं जातं, आणि खोटी माहिती दिली म्हणून उमेदवारी जाते. काही अर्जांत कुटुंबातील व्यक्तीचा रकाना वेगळा असतो, काहींत नसतो. नसेल तेव्हा जाहिरातीवरच्या मदत क्रमांकावर न थांबता नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि पोच जपून ठेवावी. नाव सनदेप्रमाणे, आणि नावबदलाच्या रकान्यात राजपत्राचा तपशील.

१५ टक्के हा आकडा ऐकून जागा भरपूर वाटतात. समांतर आरक्षण प्रत्येक सामाजिक प्रवर्गात वेगळं मोजलं जातं. वीस पदांच्या जाहिरातीत खुल्या प्रवर्गाच्या वाट्याला माजी सैनिकांची एखादीच जागा येते, आणि कुटुंबीयांचा नंबर अपंगत्व आलेल्यांच्या नंतर. म्हणून एका जिल्ह्याच्या मोठ्या भरतीची वाट पाहत बसू नये. त्यांनी लातूरबरोबर धाराशिव, नांदेड आणि परभणीच्या जाहिराती धरल्या, ३० टक्के महिला आरक्षणासाठी अधिवास दाखला काढून ठेवला.

निकाल

अनुकंपा अर्जाला गुण कमी पडल्याचं पत्र आलं. बँकेची पूर्व परीक्षा एकदा गेली, एकदा मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकली. तिसऱ्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यात गट क च्या लिपिक पदावर, माजी सैनिकांच्या राखीव जागेतून कुटुंबातील व्यक्ती म्हणून निवड झाली.

पडताळणीच्या टेबलावर एक फाइल ठेवली, वरून खाली याच क्रमाने: रेकॉर्ड ऑफिसचं मृत्यू सैनिकी सेवेमुळे झाल्याचं पत्र, कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या निष्कर्षाची प्रत, शुद्धिपत्रक पीपीओ, विधवा ओळखपत्र, कुटुंबातील अन्य कुणी हा लाभ घेतला नसल्याचा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, विवाह दाखला, राजपत्र, सनद, पदवी, टायपिंग, एमएससीआयटी, अधिवास. तपासणाऱ्याने जास्तीच्या अक्षराचा जुना पीपीओ कुठून तरी काढून पुढे केलाच. शुद्धिपत्रक जोडलेलं होतं, काम पुढे गेलं.

रुजू झाल्यावर गावात कुणीतरी सांगितलं की पगार सुरू झाला की पेन्शन बंद होते, कळवलं नाही तर वसुली निघते. हे चुकीचं आहे. विधवेच्या कौटुंबिक पेन्शनला स्वतःच्या पगाराची मर्यादा नाही, पगार आणि पेन्शन दोन्ही चालू राहतात. पुनर्विवाहाचे नियम मात्र पेन्शनच्या प्रकाराप्रमाणे वेगळे आहेत, ते निर्णयाआधी रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी विचारावेत. वर्षातून एकदा स्पर्शवर हयातीची नोंद करायची असते. ती चुकली तर पेन्शन थांबते, आणि पगार खात्यात येत असल्याने ती थांबल्याचं कित्येक महिने लक्षातही येत नाही.